मागे बघत चालणारे हवालदार

आमचे हवालदार रस्त्याने चालताना सारखे मागे बघायचे. थोडं चाललं की मान उजवीकडे, आणखी थोडं गेलं की डावीकडे. मागे रस्ता रिकामा असला तरी बघायचे. केदारखेड्यात याचे अर्थ लावायला लोकांकडे भरपूर वेळ होता. कुणी म्हणे, फौजेतून पळून आलाय, वॉरंट आहे. कुणी म्हणे, एखादी बाई मागे लागली असेल. स्टँडवरच्या हॉटेलात तर एकाने शपथेवर सांगितलं की सरहद्दीवर त्यांना कशाने तरी झपाटलंय. मी तिथल्या हायस्कुलात मराठी शिकवायला नवाच आलो होतो आणि हवालदारांच्या घराला लागून असलेल्या खोलीत एकटा राहत होतो. या तिन्ही गोष्टींवर मी आळीपाळीने विश्वास ठेवत असे.

खरी गोष्ट मला राजूरला कळली. एका चतुर्थीला आम्ही दोघं एसटीने गणपतीला गेलो होतो. दर्शन झालं, लिंबाखाली बसलो, आणि हवालदारांनी प्रसादाचा नारळ दोन्ही हातांत असा काही धरला की मला वाटलं, आता हा माणूस नारळाशी बोलणार.

"गुरुजी, आमचा चेंडू असा होता. याच्याहून मोठा, पन घडन हीच."

रग्बी हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. पंधरा-पंधरा गडी, चेंडू हातात घेऊन पळायचं, समोरचे येऊन पाडणार, आणि त्यांच्या रेषेपलीकडे जाऊन चेंडू जमिनीला टेकवायचा. इथवर मला कळलं. पण मग ते म्हणाले, "पळायचं पुढं आन् चेंडू द्यायचा मागं. हातानं पुढं दिला की गेला."

"हा कुठला उफराटा न्याय?" मी म्हणालो.

"उफराटा न्हाई, बराबर हाये. समोर कोन असतंय? पाडायला आलेला मानूस. आपला मानूस कायम मागंच असतोय. म्हनून मान वळती." मग म्हणाले, "पन पळनाऱ्याला दर टायमाला बघता येत न्हाई. मागच्यानं आवाज द्यायचा. फौजेत 'साथ!' म्हनायचे. आपन म्हनू, 'हाये!' तेवढा आवाज आला की डोळे मिटून चेंडू सोडायचा."

त्यांचं घर धनगराचं. वडील मेंढरं राखायचे, थोरले भाऊ, ज्यांना सगळं गाव दादा म्हणे, शेती बघायचे आणि राहिलेली थोडी मेंढरंही. हवालदार एक्याऐंशी साली फौजेत भरती झाले ते कबड्डीच्या जोरावर. तिथल्या उस्तादाने त्यांना अंग चोरून निसटताना पाहिलं आणि थेट रग्बीच्या संघात घातलं. तेव्हापासून त्यांची ड्यूटी म्हणजे खेळ. पहाटे पळणं, दुपारी पळणं, पुण्याच्या उन्हात नाही तर कलकत्त्याच्या चिखलात सामने. "कागदावर मी हवालदार," ते म्हणायचे, "खरं म्हनलं तर सरकार मला पळायचा पगार देत होतं." हे हॉटेलात ऐकून एकजण म्हणाला, "मंग आमच्या म्हशीलाबी लावा की पगार. रोज दावं तोडून पळती." हवालदारही हसले. पण दुसऱ्यांदा त्यांनी ती गोष्ट हॉटेलात काढली नाही.

परदेशी जाणाऱ्या संघात त्यांचं नाव आलं होतं. निघायच्या थोडं आधी सरावात चार-पाचजण अंगावर पडले आणि गुडघा गेला. "आवाज आल्ता, गुरुजी. ऊस मोडल्यावानी." पुढची नोकरी भांडारात, कांबळी मोजत. लग्न सुट्ट्यांच्या हिशेबात राहूनच गेलं होतं. पेन्शन घेऊन गावी आले ते एक लंगडता पाय आणि पलटणीने निरोपाला दिलेला एक चामड्याचा चेंडू घेऊन. तो खुंटीला टांगलेला असे. घरात येणारा प्रत्येकजण त्याला एकदा बोटाने ढकलून झुलवी, आणि हवालदार पुन्हा हाताने थांबवत.

त्यांच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती त्यांनी माझ्यापासून लपवली नाही. "येकदा माझ्या गावानं बघावं, मी तिकडं काय करून राह्यलो होतो. बस, येकदा." दादांनीही बघावं, हे ते बोलत नसत, पण मला कळे.

एका उन्हाळ्यात त्यांनी मनावर घेतलंच. गावची कबड्डीची तरणी मंडळी आणि तालमीतले पैलवान गोळा केले, मोच्याकडून चेंडूची शिवण घालून घेतली, सायकलच्या पंपाने हवा भरली आणि नदीच्या कोरड्या वाळूत शिकवणी सुरू केली. चेंडू मागे देणं, आवाज देणं, सगळं छान जमलं. फक्त पाडापाडी त्यांनी सरावात होऊ दिली नाही. "कुनाचा हात मोडला तर त्याची माय माझ्या दारात," म्हणायचे. मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सामना ठरला. सगळं गाव नदीवर आलं. दादा पुढे घोंगडी टाकून बसले. हवालदारांनी फौजेतली चड्डी आणि बनियन घातलं होतं. गुडघ्याला पट्टा होता. सामना सुरू झाला. कबड्डीच्या एका चपळ गड्याने चेंडू घेतला आणि पळाला. समोरच्याने त्याच्या खांद्याला हात लावला मात्र, या गड्याने चेंडू अदबीने खाली ठेवला आणि बाहेर जाऊन बाभळीखाली बसला. बाद झाला ना तो! जन्मभर अंगाला हात लागला की बाहेर बसायचं, हेच त्याच्या हाडात मुरलेलं. मग दुसरा गेला, तिसरा गेला. पैलवानांचं निराळंच. एकाने चेंडूवाल्याची कंबर धरली, उचलला, पाठीवर आपटला, उठून मांडी थोपटली आणि बक्षिसासाठी लोकांपुढे फेरी मारायला निघाला. लोकांनी त्याला नारळ दिला! आणि जो चीत झाला होता, त्याने धूळ झटकून सदरा चढवला.

"उठा! खेळ चालू हाये!" हवालदार ओरडत होते. "बाद न्हाई कुनी! पडलं तरी उठायचं!" पण त्या गदारोळात कोण ऐकतो.

शेवटी वाळूत बेवारस पडलेला चेंडू त्यांनी स्वतः उचलला आणि धावले. तेव्हा मी त्यांचा खेळ पाहिला. लंगडणं कुठे गेलं कोण जाणे. समोरच्या दोघांमधून ते असे निसटले की म्हाताऱ्या माणसांच्या तोंडूनही "अरे वा" निघालं. मग त्यांची मान उजवीकडे वळली. कुणी नाही. डावीकडे वळली. कुणी नाही. त्यांचे सगळे गडी बाभळीच्या सावलीत ओळीने बसून टाळ्या वाजवत होते. हवालदार रेषेपर्यंत गेले आणि थांबले. "टेकवा की!" कुणीतरी ओरडलं. त्यांनी टेकवला नाही. चेंडू काखेत घातला आणि ते वाळूतून चालत निघाले.

दादांच्या पुढून जाताना दादा म्हणाले, "एवढ्यासाठी गेल्तास व्हय रे? येकट्यानंच पळायचं, तर मेंढरामागं काय वाईट होतं?" त्यात कुचकेपणा नव्हता. त्यांना जे दिसलं ते ते बोलले.

घराच्या वाटेला हवालदारांनी एकदाही मागे पाहिलं नाही. मी मागून चालत होतो. सांत्वन करायचं म्हणजे काय बोलायचं, हे मराठीच्या मास्तराला सुचेना. शेवटी मी म्हणालो, "हाये, हवालदार."

त्यांनी वळून न बघता हात फिरवला आणि चेंडू माझ्या छातीवर आदळला. मी तो पाडला, हे सांगायला नकोच. ते थांबले, चेंडू उचलला. डोळे ओले होते. म्हणाले, "सुटला, गुरुजी. पन आवाज बराबर आल्ता."

त्यानंतर रोज संध्याकाळी आम्ही नदीवर फिरायला जायचो. ते पुढे, मी मागे. मधूनच मी "हाये" म्हणायचं आणि मधूनच चेंडू यायचा. मी बहुतेक वेळा पाडायचो. माझं पोट आणि माझे हात यांचा मेळ कधी बसला नाही. दादा अंगणात मेंढरं कोंडत असत. वाटेवरून माझा "हाये" ऐकला की मान वर करत. गावात घरोघरी टीव्ही आले, पोरं क्रिकेटला लागली. एकदा वाळूत बसलो असताना हवालदार म्हणाले, "आमी पंधरा होतो. कुनी मनिपूरचा, कुनी बंगालचा, कुनी पंजाबचा. आता पंधरा गावांत येक-येक. त्यांच्याबी गावाला काय कळत असंल?" मला वाटतं, इतका एकटा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि इतका कमी कुरकुरणाराही.

माझी बदली अंकुशनगरच्या बाजूला झाली. स्टँडवर पोचवायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "तिकडं कुनाच्या मागं चाललात तर आवाज देत जा."

काही वर्षांनी निरोप आला. हवालदार शेतातून येताना बांधावर बसले ते उठलेच नाहीत. मी पोचलो तेव्हा नदीवर चिता रचून झाली होती, त्याच वाळूत. दादांनी अग्नी दिला. चेंडू त्यांनी काखेत धरून आणला होता. चितेवर ठेवायचा म्हणून आणला असावा, पण त्यांच्याने ठेववला नाही.

अग्नी दिल्यावर मागे वळून बघायचं नसतं. माणसं खाली मान घालून एकेक करून निघाली. दादा हळूहळू चालत होते, मी त्यांच्या मागे. वाळू संपते तिथे ते थबकले. मान वळता वळता त्यांनी सावरली.

"मागं कोन हाये का?" त्यांनी विचारलं.

"हाये, दादा," मी म्हणालो.

त्यांनी न वळताच चेंडू मागे केला. मी दोन्ही हातांनी घेतला. या वेळी सुटू दिला नाही.