घरी किती उरली?

दुसरीतल्या भाचीला, सईला, मी शाब्दिक उदाहरणं शिकवत होतो. घरात चार माणसं होती, दोघं गावाला गेली, तर घरी किती उरली? तिनं बोटं उघडली, मिटली आणि वहीत चार लिहिलं.

"अगं, दोघं गेली ना?"

"गावालाच गेलीत ना, मामा? येतील की परत. तू पण ना!"

ओट्याशी तिच्या बाबांचं लाटणं थांबलं. दीड महिन्यापूर्वी माझी बहीण वारली, तेव्हा आम्ही मोठ्यांनी ठरवून सईला सांगितलं होतं, आई गावाला गेलीय.

पुस्तकातली माणसं अशीच निघून जातात. ती परत येणार का, हे उदाहरणात कुणी विचारत नाही. वजाबाकी करणाऱ्यानं फक्त मागे राहिलेल्यांना मोजायचं असतं. मला त्या चारवर फुली मारता येईना, आणि बरोबरची खूणही करता येईना.

"चुकलं का?" तिनं खोडरबर उचललं.

मी तिच्या बाबांकडे पाहिलं. त्यांनी गॅस बंद केला आणि पिठाच्या हातांनीच ते तिच्याजवळ येऊन बसले.

"सई," ते म्हणाले, "आई गावाला गेलेली नाही, बाळा."