रोवणीतली पत्ताकोबी

आईचा गुडघा सुजला होता, पण धानाची रोवणी चुकवायला ती तयार नव्हती. साकोलीच्या मेळाव्यात हार घातलेल्या वक्त्याने प्राचीन रोमचा दाखला देत कोबीला सर्व रोगांवरचे औषध ठरवले होते. रोमन लोक तसे मानत हे खरे. त्यांच्याकडे दुसरे औषधही फारसे नव्हते. तरी मीच तिच्या गुडघ्याला फडक्याने कोबीची पाने बांधली. गार वाटले, म्हणून ती धानाच्या बांधीत उतरली. चिखलात फडके सुटले आणि पाने पाण्यावर तरंगू लागली.

"काय वो काकू, धानात पत्ताकोबी रोवून राहिली का?" शेजारीण म्हणाली.

बाया हसल्या. आईही हसत बांधीकडेच्या धुऱ्यावर बसली, ती दिवसभर उठली नाही. विश्रांतीने सूज उतरली. श्रेय ती अजून कोबीलाच देते.