तोंडावरचा हात

पडद्यावर मी होते. माझाच हात माझ्या तोंडावर.

ट्रेनर मॅडमनी व्हिडिओ तिथंच थांबवला. "बघा. क्लायंटसमोर तोंड झाकणारा माणूस काय सांगतो? मी खोटं बोलतोय. नाहीतर, माझ्यात कॉन्फिडन्स नाही."

ठाण्यातलं आमचं ऑफिस. कॉन्फरन्स रूममध्ये वीस जण. बॉडी लँग्वेजचं ट्रेनिंग होतं. क्लायंट समोर बसलाय असं समजून बोलायचं, त्याचं शूटिंग करायचं आणि मग सगळ्यांसमोर चिरफाड. त्यावरून टीम लीडर कोण ते ठरणार होतं. सात वर्षं मी त्या खुर्चीसाठी राबत होते.

मॅनेजर सर उठले. तोंडावर हात धरला, मान खाली घातली, कमरेत वाकले. "येस सर, सॉरी सर." अख्खी खोली हसली. मीही हसले. त्या हसण्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पाणी प्यायला उठले की कुणीतरी तोंडावर हात धरायचं. बस, तेवढंच. तक्रार तरी काय करणार? कुणी काही बोललेलंच नव्हतं.

अशाच एका संध्याकाळी मोहन्यातल्या घरी आले तेव्हा पप्पा दारातच बसले होते. मानपाड्याच्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर पॅकिंग केलं. सुपरवायझर असो, डॉक्टर असो, माझ्या शाळेतल्या बाई असोत, पप्पांचा हात तोंडासमोर. आणि मी नोकरीला लागल्यापासून, गळ्यात आयकार्ड असलं की माझ्यासमोरसुद्धा.

"काय झालं गं? लीडर केलं काय तुला?" विचारताना त्यांचा हात वर गेला.

माझं डोकं फिरलं. मी तो हात धरला आणि हिसडा देऊन खाली ओढला. "खाली घ्या तो हात! तुमच्यामुळे हसतात मला लोक."

पप्पांनी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि तसेच बसून राहिले.

आई आतून आली. "कोणाला बोलतेस? माहितेय का तो हात कुठनं आला ते?"

मग तिनं सांगितलं. गावी माझे आजोबा पाटलाच्या ओट्याखाली उभे राहून बोलायचे. तोंडासमोर हात धरून, आपला श्वास वरच्या माणसाला लागू नये म्हणून. आमच्या श्वासानं ते बाटायचे. एकदा घाईत आजोबा हात धरायला विसरले. ओट्यावरून काठी आली आणि पुढचे दोन दात पडले. पप्पा तेव्हा सहा वर्षांचे, बापाचं बोट धरून शेजारीच उभे होते.

"त्या दिवशी यांचा हात जो वर गेला तो गेला," आई म्हणाली. "आणि यांचं बघून तुझा."

मी पप्पांच्या पायाशी बसले. "पप्पा, चुकलं माझं." मला हुंदका आवरेना.

"नाय गं. बरोबर बोललीस तू," ते म्हणाले. हात मांडीखालीच होते. आवाज इतका बारीक की मला पुढं वाकून ऐकावं लागलं.

सोमवारी मीटिंगमध्ये मी बोलायला उठले तर मॅनेजर सरांनी पुन्हा तोंडावर हात धरला. हसू फुटलं. या वेळी मी हसले नाही.

"सर, ही नक्कल माझ्या आजोबांची आहे. तोंडावर हात धरला नाही म्हणून त्यांचे दोन दात पाडले होते. करायची तर पूर्ण करा. काठी मारणाऱ्याचीही करा."

सर लॅपटॉपकडे बघत म्हणाले, "अगं, एवढं पर्सनली काय घेतेस?"

"पर्सनलच आहे, सर."

खुर्ची दुसऱ्याला मिळाली. माझ्या फॉर्मवर शेरा आला, ॲटिट्यूड सुधारावा. खुर्ची गेली त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण पप्पा आजही माझ्यासमोर हात मांडीखाली दाबून बसतात आणि विचारलं तेवढंच बोलतात, ते मला बघवत नाही. पाटलानं आजोबांचे दात पाडले. पप्पांचं बोलणं मी बंद पाडलं. त्याला कुठलंही ऑफिस जबाबदार नाही, मी आहे.

माझा हात अजूनही कधीकधी वर जातो. गेला की मी थांबते, समोरच्याच्या डोळ्यांत बघते आणि तो माझा मी खाली घेते. कुणाच्या सांगण्यावरून नाही. आणि त्या ऑफिसात ती नक्कल पुन्हा कुणी केली, तर मी भर मीटिंगमध्ये उभी राहून दोन दातांची हकीकत पहिल्यापासून सांगणार आहे. दर वेळी सांगणार आहे. त्यांना हसणं जमेनासं होईपर्यंत.