सीतादहीच्या कापसाचा रंग

ग्रेडरकाका भेटले की नमस्काराच्या आधी समोरच्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरायचे. कापड हलकेच फिरवायचे, उजेडाकडे वळवायचे आणि मग म्हणायचे, "बसा." माझ्या लग्नातला सदरा त्यांनी असाच तपासला आणि भर मांडवात, सासरच्या माणसांसमोर निकाल दिला, "पांढरा नाई हा. निळीनं फसवलं तुले." सासरी माझी प्रत तेव्हापासून जी उतरली, ती उतरलीच.

त्यांची सगळी नोकरी अकोल्याला कापसाची प्रत ठरवण्यात गेली. ढिगात हात घालायचा, मूठभर कापूस काढायचा, बोटांनी ओढून धागा बघायचा, रंग सांगायचा. निवृत्तीनंतर ते अमरावतीत आमच्या शेजारी राहायला आले, ते एक लोखंडी कपाट, दोन खुर्च्या आणि बावीस फिंच घेऊन. फिंच म्हणजे चिमणीहून लहान, लाल चोचीची पाखरं. ओरडतात ती बाहुलीच्या पोटातल्या शिट्टीसारखी. मूळ रंग राखाडी. पण जोड्या विचारानं लावल्या तर तपकिरी, चट्टेरी, पांढरी पिल्लंही निघतात. काकांना यातलं काहीच नको होतं. त्यांना हवा होता सीतादहीच्या कापसाचा रंग.

पहिल्या वेच्याला, म्हणजे पहिल्या वेचणीला, शेतात दहीभात ठेवून कपाशीची पूजा करतात ती सीतादही; त्या सकाळी बोंडातून निघतो तो कापूस. "पांढरा नसते तो," काका सांगायचे. "पांढऱ्याच्या आत थोडी पहाट असते. बाजारात येईस्तोवर विझून जाते. मी जलमभर विझलेलाच पाह्यला." लहानपणी आईच्या ओटीत पाहिलेला तो रंग त्यांना पंखावर परत आणायचा होता. पंख विझत नाही, असं त्यांचं म्हणणं.

रंग बघायचा तो सकाळी नऊच्या आत, उत्तरेकडच्या गॅलरीत. "नऊनंतर ऊन खोटं बोलते." कोणी फोनवर पाखरांचे फोटो पाठवले तर ते उघडायचेही नाहीत. "फोनातला रंग फोनाचा असते." क्लासवर शिकवायला जाण्याआधी मी चहाचा कप घेऊन त्यांच्याजवळ बसत असे. पाण्याच्या वाटीत आभाळाचा तुकडा हलत असायचा, शिट्ट्या वाजत असायच्या, आणि काका अर्ध्या मिटल्या डोळ्यांनी बोलत राहायचे. "सपन पडलं रात्री. बाजारात कापसाचे ढीग, अन् कोणी हात लावला का ढिगातून पाखरं उडून राहिली. सगळा ढीग उडून गेला. खाली फक्त माहा हात." मी चहा प्यायचा विसरून जात असे.

डोळ्यांचं त्यांनी एकदाच सांगितलं. काचबिंदू. गेलेली नजर परत येणार नव्हती. "कडेनं अंधार येऊन राहिला. मधात एक खिडकी हाय अजून. तेवढ्यात ते पाखरू येऊन बसलं पायजे."

पाखरू जवळपास आलंही होतं. कुठूनसा एक फिकट नर त्यांना मिळाला होता, धुऊन वाळवल्यासारखा. दोन राखाडी माद्यांपासून त्याला पिल्लं झाली, आणि थंडीत तो गेला. पिल्लांपैकी दोन जगली, एकेका आईची एकेक. एक नर, एक मादी, दोन्ही राखाडी.

पुढचं लिहायला लाज वाटते, पण लिहितो. काका डोळे दाखवायला आठ दिवस अकोल्याला लेकीकडे गेले आणि पाखरं माझ्यावर सोपवून गेले. त्याच आठवड्यात माझ्या बायकोची वलगावची मावशी आली. तिला शिट्टी फार आवडली. सासरी प्रत वाढवायची इतकी सोपी संधी पुन्हा कुठली! रंगीत पाखरांना हात लावायचा नाही एवढी अक्कल मला होती. म्हणून कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातली दोन साधी राखाडी पाखरं मी उदार मनानं तिला देऊन टाकली.

इथे सांगायला हवं की मी क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवतो. ती दोघं त्या फिकट नराचीच पिल्लं होती; अशा राखाडी पाखराच्या पोटात बापाचा फिकट रंग लपून असतो, आणि अशा दोघांची जोडी लावली तर चार पिल्लांत एखादं आजोबासारखं निघू शकतं, ही आकृती मी दरवर्षी फळ्यावर काढतो. रंगीत खडूनं.

काका परतले. कोपऱ्यातल्या रिकाम्या पिंजऱ्यासमोर बराच वेळ उभे राहिले. मी कारण सांगितलं. त्यांनी माझी बाही धरली, पण उजेडाकडे वळवली नाही. "अबे सर," ते हळूच म्हणाले, "तू पोट्ट्यायले शिकवतं तरी काय?"

दुसऱ्या दिवशी त्यांना स्कूटरवर मागे बसवून वलगाव गाठलं. मावशी दारातच म्हणाली, "दिलेली पाखरं परत मांगते काय कोणी, जावई? अन् मांगाल बी, तर आता काय उपेग?" ओसरीत पिंजरा टांगलेला. आत एक गाडगं, आणि त्यात मादी बसलेली. पाच अंडी.

मी पिंजऱ्याला हात घातला तशी काकांनी मनगट पकडलं. "अंड्यावरून उठवू नको. राहू दे इथंच." मग मावशीकडे वळून, "बाई, तुमीच पोसा. आमी येत जाऊ."

त्यानंतरच्या रविवारी आम्ही वलगावला होतो, आणि त्याच्याही पुढच्या. वाटेत दोन्ही बाजूंना कपाशी फुटली होती. काका मागून विचारायचे, "फुटली काय रे?" तेव्हा मला कळलं की कडेचं त्यांना आता काहीच दिसत नाही. अंडी फुटली, त्या दिवसांत खिडकीही धुरकटली. समोरचा माणूस ते आवाजावरून ओळखू लागले.

चार पिल्लं जगली. पंख फुटले तेव्हा तीन राखाडी होती.

चौथं मावशीनं सकाळी आठला काकांच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते उत्तरेकडे धरलं, सवयीनं. डोळे पाखरावर होते, पण नजर तिथे नव्हती. "सांग," ते म्हणाले. "अन् ग्रेड फुगवू नको. मी कोणाची फुगवली नाई."

फुगवणं किती सोपं होतं! सीतादहीचा, एवढंच म्हणायचं होतं. मावशी मला खुणेनं तेच सांगत होती. मी खाली बसलो. फिकट होतं पाखरू, फारच सुंदर होतं. पण मानेजवळ, पंख उचलला की, किंचित पिवळी झाक होती. कित्येक सकाळी काकांच्या शेजारी बसून चहा थंड केला होता, त्यातलं काहीतरी डोळ्यात उतरलं असणार.

"काका," मी म्हणालो, "दुसऱ्या वेच्याचा आहे."

पाखरू अंगठ्याखाली धडधडत होतं. मग त्यांनी दुसऱ्या हातानं चाचपत माझी बाही शोधली आणि कापड चिमटीत फिरवलं.

"पाखरू नाई आलं," ते म्हणाले, "पण डोळा भेटला मले."

महिनाभरात लेक त्यांना अकोल्याला घेऊन गेली. पिंजरे माझ्या गॅलरीत आले. आता पिल्लाला पंख फुटले की नऊच्या आत मी फोन लावतो. पलीकडे काका बसलेले असतात, डोळे मिटून, आणि मी सांगेन तसा रंग त्यांच्यासमोर उलगडत जातो. सीतादहीचा रंग अजून आलेला नाही. ते मी खरं सांगतो.

"घाई कोणाले हाय?" काका म्हणतात. "मी पाहून राहिलो."