युअर मॅन

सध्या माझी पोस्टिंग लिमरिक, आयर्लंड. ऑर्डर मुलीची. मधुरा इथल्या इस्पितळात डॉक्टर आहे, जावई कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात. मी रिटायर्ड सुभेदार. ड्यूटी एकच, नात शाळेतून आली की दार उघडायचं आणि तिला बूट घालून आत येऊ द्यायचं नाही. नातीला मराठी सगळं कळतं. "बूट काढ" म्हटलं की "ग्रँड, आजोबा", म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे', म्हणते आणि बुटांसकट आत जाते.

चार वाजता शेजारचा पॅट येतो. बस चालवायचा, आता घरी असतो, बायको वारलेली. इथे माझ्याशी निवांत बसून बोलणारा तो एकटाच. मी आल्याचा चहा करतो, तो बिस्किटं आणतो आणि आम्ही अमेरिकेच्या बातम्या लावतो. इथल्या बातम्यांत पाऊस पडला आणि बस उशिरा आली, एवढंच. अमेरिकेत रोज तमाशा!

मी जुन्या वळणाचा माणूस. झेंडा वर असावा, सीमेवर गेट असावं, गेटवर पहाऱ्याचा संत्री असावा. आत कोण येतंय हे त्या पहारेकऱ्यानं विचारलं की तिकडची कॉलेजातली पोरं रस्त्यावर उतरतात. त्यांच्या होस्टेलचं दार मात्र कार्ड दाखवल्याशिवाय उघडत नाही. माझ्या विचारांचे म्हणावेत ते पुढारीही काही कमी नाहीत. कोटाला झेंड्याची पिन लावून देशभक्तीवर तासभर बोलतात, आणि सॅल्यूट करताना हात कुठे न्यायचा ते ठाऊक नसतं. दहशतवाद्याला दहशतवादी म्हणायला काही अँकरांची जीभ जड होते. 'गनमन' म्हणतात. अरे, मग मी कोण होतो? बंदूक तर माझ्याकडेही होती!

सुरुवातीला पॅटशी माझं बिनसलं होतं. पडद्यावर अमेरिकेचे अध्यक्ष दिसले की हा म्हणायचा, "युअर मॅन पुन्हा सुरू झाला बघ." मी काही दिवस ऐकून घेतलं. मग तडकलो.

"पॅट, तो माझा माणूस नाही. मी त्याला मत दिलेलं नाही."

पॅट "ग्रँड" म्हणाला. दुसऱ्या दिवशी विरोधी पक्षाचा पुढारी आला, तोही युअर मॅन. हवामान सांगणारा आला, तोही! संध्याकाळी मधुराला सांगितलं तर ती हसून हसून बेजार.

"अहो बाबा, इथे युअर मॅन म्हणजे नुसतं 'तो माणूस'. तुमचा-बिमचा काही नाही."

मीही हसलो, पण पुरतं हसू आलं नाही. आमच्या वायरलेसवर 'युअर मॅन'चा अर्थ एकच होता. ज्याचा जीव तुझ्या हवाली आहे, तो.

मध्यंतरी एका दुपारी अमेरिकेतल्या हल्ल्याची बातमी चालू होती. हल्लेखोर एका इमारतीत दडलेला, आत माणसं अडकलेली. स्टुडिओत तज्ज्ञ भांडत होते. एक म्हणे दोष बंदुकांचा, दुसरा म्हणे बाहेरून आलेल्यांचा, तिसरा म्हणे हल्लेखोराच्या बालपणाचा. आत अडकलेल्यांचं नाव कोणी काढेना.

"उडवून द्यावी बिल्डिंग आणि मोकळं व्हावं," पॅट म्हणाला. मग त्याची नजर शेल्फवरच्या आमच्या प्लाटूनच्या फोटोवर गेली. "हा युअर मॅन कोण रे? मिशीवाला?"

मी टीव्ही बंद केला आणि सांगितलं.

नायक नामदेव शेलार, पाटण तालुक्यातला. उठल्यापासून कुरकुर. चहा पातळ, मोजे ओले, बर्फ तर सरकारनं मुद्दाम टाकलाय. पण कामाला सगळ्यांच्या पुढे. काश्मीरमध्ये हिवाळ्यात आमच्या प्लाटूननं एका घराला कॉर्डन, म्हणजे वेढा घातला होता. लाकडी घर, दोन मजली. वरच्या मजल्यावर एक दहशतवादी. घरातली माणसं बाहेर आली होती, तळमजल्यावर अंथरुणाला खिळलेली आजी तेवढी राहिली होती. सकाळी दहाच्या सुमारास वायरलेसवर कंपनी कमांडर आले.

"रॉकेट रेडी है. घर खाली?"

"निगेटिव्ह, सर. नीचे एक बूढी अम्मा है. चल नहीं सकती."

"कोई जा सकता है?"

मी मागे बघायच्या आत नामदेव उठला होता. "जातो साहेब. पाठकुळी घेतो. आईला रोज उचलायचो, सवय आहे." मग सवयीप्रमाणे कुरकुरला, "वजनानं हलकी असली म्हणजे मिळवली."

आम्ही वरच्या खिडकीवर फायर दिला. तो मागच्या दारानं आत गेला.

पाठकुळी घेतो म्हणाला होता. बाहेर आला तेव्हा म्हातारीला पुढे धरलं होतं, पोटाशी, लेकरासारखं. घराकडे स्वतःची पाठ. वरून गोळ्यांचा बर्स्ट आला. बुलेटप्रूफ जॅकेटच्या वर, मानेत गोळी लागली. तो थांबला नाही. दगडी कुंपणापर्यंत आला, तिला आडोशाला अलगद टेकवलं आणि मग पडला.

"स्टेटस ऑफ युअर मॅन?" वायरलेस विचारत होता. "युअर मॅन ओके?"

"अम्मा सलामत, सर. माय मॅन इज गॉन. ओव्हर."

म्हातारीनं त्याची बाही धरून ठेवली होती. ती मी एकेक बोट उलगडून सोडवली. दुपारपर्यंत घर पडलं, आतला मेला. माझ्या लेखी ती लढाई कुंपणापाशीच संपली होती.

पॅट ऐकत होता. एरवी कशालाही 'ग्रँड' म्हणणाऱ्या त्या माणसानं कप खाली ठेवला. चहा गार झाला. जाताना फोटोसमोर थांबला.

"युअर मॅन," तो म्हणाला. "नाव काय म्हणालास?"

"नामदेव."

"नॅमडेव्ह."

"नाही. नाम-देव."

बरोबर जमेपर्यंत मी त्याला दारातून हलू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी चारला बिस्किटं घेऊन आला. सवयीनं रिमोटकडे हात नेला, मग आधी शेल्फकडे वळला.

"हौया, नामदेव," तो फोटोला म्हणाला. इथलं 'कसा आहेस' ते.

'द' अगदी आपला लागला होता. मला फार बरं वाटलं. मी चहा टाकला. नामदेवला पातळ चालत नसे, म्हणून दूध जरा जास्त घातलं.