जमनावहिनी आणि मेलेला चुना

माझी थोरली भावजय जमना ही केळव्याची. घर मासेमारीचे, परंतु लग्नापूर्वी सहा वर्षे तिने शिंपल्यांच्या चुनाभट्टीवर काम केले होते. तिला अक्षरओळख नव्हती. तरीही बोईसरच्या एका प्रयोगशाळेचे अडलेले काम तिने मार्गी लावले. ही हकीकत १९६७ सालची आहे. मी तेथे पाणी भरत असे, म्हणून जे पाहिले तेच लिहीत आहे.

प्रयोगशाळा म्हणजे पत्र्याची शेड. डॉक्टर आत्माराम सावे तेथे धातूंची नायट्राइडे तयार करीत. टायटॅनियम धातूची भुकटी चिनी मातीच्या बोटभर होडीत ठेवायची, होडी नळीत सरकवायची, नळी भट्टीत लाल तापवायची आणि तिच्यातून तासन्‌तास अमोनिया वायू सोडायचा, अशी रीत होती. वायूतील नायट्रोजन धातूत शिरला की भुकटी सोन्यासारखी पिवळी होते. वायूत ओल राहिली तर ती बिघडते. म्हणून वायू आधी चुनकळीच्या, म्हणजे पाणी न लागलेल्या चुन्याच्या, नळीतून नेत.

होड्या धुऊन वाळवण्याचे काम वहिनीकडे होते. त्या भाद्रपदात पाच वेळा भुकटी तपकिरी निघाली. डॉक्टरांचे मदतनीस रामकिसन यांनी दोष वहिनीवर ठेवला.

"जमनाबाई, ही समुद्रातली होडी नव्हे. ही कोरडी लागते."

"रामकिसनदादा, समुद्रातली तरी तुमी कदी बघितली हाय?"

डॉक्टर हसले नाहीत. सहावी खेप बिघडली तर दुसरी बाई नेमावी लागेल, असे त्यांनी सांगितले.

घरी येताना वहिनी मला म्हणाली, "काम गेलं तं जाऊ दे, नलू. पन माज्या हातानं नास झाला, असं कोनी बोलाला नको."

दुसऱ्या दिवशी ती होड्यांकडे गेलीच नाही. तिने चुन्याचा डबा उघडला. बारीक चुना ओल अधिक शोषतो, या समजुतीने रामकिसन यांनी महिन्याचा चुना आधीच कुटून ठेवला होता. वहिनीने चिमूट बोटांत चोळली.

"डॉक्टरसाहेब, यो चुना मेलेला हाय."

"चुना काय मासा आहे, मरायला?" रामकिसन म्हणाले.

"माशापरीस लवकर मरतो. वाऱ्यातली ओल पितो नि गार पडतो. मंग आनखी ओल पीत नाय, नि पानी घातलं तरी तापत नाय."

तिने वाटीत तो चुना घेऊन वर पाणी ओतले. डॉक्टरांनी वाटीला हात लावला. वाटी गारच होती.

त्याच दुपारी ती एसटीने केळव्याला गेली आणि भट्टीतून नुकते निघालेले खडे घट्ट झाकणाच्या डब्यात घेऊन आली. एक खडा तिने वाटीत टाकला व पाणी शिंपडले. खडा फुसफुसला, तडकला, वाफ निघाली. वाटी रामकिसन यांच्या हातात होती; त्यांनी ती घाईने खाली ठेवली. मग वहिनीने बाकीचे खडे वाटाण्याएवढे फोडले आणि लगेच नळीत भरून बूच लावले.

शनिवारी भट्टी निवल्यावर रामकिसन यांनी होडी बाहेर काढली. त्यांनी ती आधी वहिनीसमोर धरली. भुकटी सोनेरी होती.

"मी उगाच तुम्हाला बोललो," ते म्हणाले.

"बोललात ते बोललात. आता आदी कुटून ठेवू नका."

नमुना मुंबईला गेला. महिन्याने क्ष-किरणांचे चित्र आले. धातूचे आणि नायट्रोजनचे कण एकाआड एक, चौकोनी रांगांत बसले आहेत, मिठाच्या खड्यात असतात तसेच, असे डॉक्टरांनी आम्हांस समजावले.

"मंग खारट लागल का?" वहिनीने विचारले.

"तुम्हीच चाखा," रामकिसन म्हणाले. "मी आता पैज लावत नाही."

डॉक्टरांनी अहवाल लिहिला आणि त्यातील एक वाक्य मराठीत करून वाचले: 'वायू कोरडा करण्याची ही रीत जमनाबाई तांडेल यांनी दाखवली.' वहिनीने ते त्यांना पुन्हा वाचायला लावले. मग ती उठली आणि पुढच्या खेपेची नळी भरायला गेली.