पांढऱ्या काविळीचा आचारी

माझी केदारखेड्याच्या आरोग्य उपकेंद्रात बदली झाली, तेव्हा पहिल्याच महिन्यात एका लग्नाला जेवले आणि गावाविषयीचं माझं मत सुधारलं. मी परतूरची. आमच्याकडच्या येसर आमटीपुढं मी सहसा कुणाला मोजत नाही. पण त्या दिवशी मला वाटी पुन्हा पुन्हा पुढं करताना पाहून वाढणारा हसला आणि म्हणाला, "सिस्टरबाई, आचारी गावातलाच हाये. पळून न्हाई जात."

तो आचारी म्हणजे कल्याण. उंचापुरा, डोक्याला पंचा, बोलणं कमी. आधी कल्याणची तारीख घ्या आणि मग मुहूर्त काढा, अशी थट्टा आसपासच्या गावांत चालायची, आणि ती निव्वळ थट्टा नव्हती. बायको गिरिजाबाई आजारपणात गेलेली, मुलगा हरिओम छत्रपती संभाजीनगरला कंपनीत. घरी कल्याणचं असं कुणी नव्हतं, पण तो घरी असायचाच कुठं? अर्धं वर्ष कुणाच्या तरी मांडवात, आणि चुलाणाजवळ माणसांची काय कमी.

मग गावात रक्तदान शिबिर झालं. कल्याण रांगेत पुढं होता. काही दिवसांनी जालन्याच्या रक्तपेढीतून फोन आला, भेटून जा म्हणून. तो गेला, तर हिपॅटायटिस बी निघालं. खिडकीतल्या माणसाला वाटलं, याला इंग्रजी काय कळणार, म्हणून त्यानं मराठीत सांगितलं, "पांढरी कावीळ हाये तुम्हाला." चांगल्या मनानंच सांगितलं असणार. पण त्या दोन शब्दांवर माझा आजही राग आहे.

कारण कावीळ आमच्याकडं सगळ्यांना कळते. डोळे पिवळे होतात, तेल-तिखट बंद होतं, उसाचा रस सुरू होतो आणि रोग्याचं ताट-पेला बाजूला पडतो, कारण ती खाण्यापिण्यातून पसरते. त्या पिवळ्या काविळीचं हे खरंच आहे. मग पांढरी म्हणजे तिचीच थोरली बहीण असणार, असा गावानं अंदाज बांधला. काहींनी कल्याणच्या हातांवर पांढरे डागही शोधून पाहिले. शेजारच्या चतुराबाईंनी त्याला मुळ्यांची माळ घालणाऱ्याकडं नेलं. कावीळ उतरते तशी ती माळ लांबत लांबत पोटापर्यंत येते म्हणतात. कल्याणची माळ घातली तिथंच राहिली. माळवाला म्हणाला, "मुरलेली हाये." एवढ्या सगळ्यांत त्या एकट्याचंच निदान बरोबर निघालं, हे आमचं नशीब.

लग्नसराई आली, पण कल्याणला बोलावणं आलं नाही. तोंडावर कुणी काही बोललं नाही. "यंदा पोरांनी केटरर ठरवला," एवढंच. मी उपकेंद्रात येईल त्याला सांगत होते, हा रोग रक्तातून जातो, आईकडून बाळाला जातो, न उकळलेल्या सुईतून जातो, आमटीतून जात नाही. माणसं मान डोलवायची. "सिस्टर, तुमचं बिलकुल बराबर हाये. पण लेकराबाळाचं घर हाये आमचं." मला नुसता संताप यायचा.

हरिओमची तपासणी झाली, तो ठणठणीत निघाला, घरच्या सगळ्यांनी लस घेतली. तरी बापाला भेटायला यायचा तेव्हा तो सोबतच्या लेकीसाठी घरून डबा घेऊन यायचा. डबा उघडायचा, पोरीला भरवायचा आणि संध्याकाळच्या आत निघायचा. असे दोन-तीन डबे पाहिल्यावर कल्याणनं गावातलं घर बंद केलं आणि शेतातल्या आखाड्यावर, पत्र्याच्या खोलीत जाऊन राहिला.

लसीकरणाहून परतताना मी एकदा तिथं थांबले. चुलीवर वांग्याची भाजी होती. मी म्हटलं, भूक लागली आहे, वाढा. तो भांड्यावर झाकण ठेवून उभा राहिला. "खारट झालीय," म्हणाला. "हात सगळा पंगतीचा. एकट्यापुरतं मीठ पडतच न्हाई बराबर." मला वाटलं, खारटाचं निमित्त करतोय. मी झाकण काढून बोटानं चाखली. खरंच खारट होती. तो मात्र माझ्या बोटाकडं अशा नजरेनं बघत राहिला, जणू मीच काही गुन्हा केला होता.

त्या हिवाळ्यात दीपमाला आली. धावड्याच्या राजानंद गुरुजींची मुलगी, पुण्याच्या एका प्रयोगशाळेत काविळीच्या विषाणूंवर संशोधन करते. भोकरदन तालुक्यातल्या घराघरांतून ती रक्ताचे नमुने गोळा करत होती. तिचा प्रश्न साधा होता. हाच विषाणू एकाच घरातल्या एकाचं यकृत पोखरून दगडासारखं करतो आणि दुसऱ्याच्या यकृतात जन्मभर झोपून राहतो. असं का? मी निरोपावर निरोप धाडले, तेव्हा कुठं कल्याण उपकेंद्रात आला आणि दाराशीच उभा राहिला. दीपमालानं त्याला खुर्चीवर बसवलं, रक्त घेतलं, सोबत आणलेल्या यंत्रावर पोटाची सोनोग्राफी केली आणि जालन्याचे रिपोर्ट वाचले.

"काका, तुमच्यातला झोपलाय," ती म्हणाली. "यकृत चांगलं आहे. सहा महिन्याला तपासत राहायचं, बस."

"तो झोपलाय," कल्याण म्हणाला, "तर मंग मला कशापायी घराभाईर काढलं?"

तिनं सावकाश समजावलं, की नाव एक असलं तरी रोग निराळा आहे, स्वयंपाकातून हा कुणाला होत नाही. तो ऐकत होता. मग त्यानं विचारलं, "पण मला आलं कुटून? दारूचा थेंब न्हाई, तंबाखू न्हाई."

"आई कशानं गेल्या तुमच्या?"

"गोजरबाई नाव तिचं. मी ल्हान व्हतो. पोटात पाणी झाल्तं तिच्या. लोक म्हणायचे, करणी हाये."

"यकृत खराब झालं की पोटात पाणी होतं. मग तिथूनच आलं असेल. जन्माच्या वेळेला."

"आईनं देलं मला?"

"दिलं नाही, काका. आलं. त्यांना माहीत नव्हतं, तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं."

कल्याण दंडाला लावलेला कापूस दाबत बसला. "धावड्याला मामाच्या घरी वाढलो मी," तो म्हणाला. "आईचा फोटो न्हाई, लुगडं न्हाई. तिचं म्हणावं आसं काहीच न्हाई माझ्यापाशी. हे एकच निघालं म्हणायचं."

दीपमालानं मान खाली घालून नमुन्याच्या नळीवर नाव लिहायला घेतलं. ते आधीच लिहिलेलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात तिच्या भावाचं, प्रेमचं लग्न ठरलं. राजानंद गुरुजी नारळ घेऊन स्वतः आखाड्यावर गेले. मीच त्यांना वाट दाखवायला सोबत होते. कल्याण नको म्हणाला. कुणाला काही झालं तर, म्हणाला. गुरुजी म्हणाले, "माझी पोरगी याच रोगाचं शिकून राह्यली. तिच्या घरचं लगीन हाये. तिला भेव न्हाई, मंग तुमाला कशाचं?" कल्याणनं नारळ घेतला. ही बातमी केदारखेड्यात पोचली तेव्हा बरीच तोंडं वाकडी झाली. वाकडं व्हायला कारणं दोन होती, बोलून दाखवलं ते काविळीचं. गुरुजींचं लग्नघर बौद्धवाड्यातलं, त्याचं कुणी बोललं नाही.

धावड्याच्या त्या मांडवात मी कल्याणला पुन्हा कल्याण झालेला पाहिला. पहाटेपासून चुलाणाजवळ उभा, आवाज चढलेला, कांदा बारीक चिरला नाही म्हणून बायकांना रागावतोय. दीपमाला पहिल्याच पंगतीला बसली. कल्याण हातातला झारा तसाच धरून ती घास घेते का पाहत होता. तिनं घास घेतला, मग वाटी पुढं केली. मग सगळी पंगतच वाट्या पुढं करायला लागली. मला रडू आलं, ते मी मिरचीच्या धुरावर ढकललं.

शेवटची पंगत उठल्यावर घरच्यांनी आचाऱ्याचं ताट वाढलं, तर आचारी जागेवर नाही. गुरुजी, दीपमाला आणि मी शोधत मांडवामागं गेलो. निंबाच्या खाली तो एकटा बसला होता. पिशवीतून घरून आणलेलं ताट आणि पेला काढून त्यानं भाकरी घेतली होती. भाकरीसुद्धा घरूनच आणलेली.

"काका, हे काय?" दीपमालाचा आवाज रडवेला झाला. "मी तुम्हाला सांगितलंय ना?"

"सांगितलं. पटलंबी. पर सवय झाली आता."

गुरुजी म्हणाले, "माझ्या बापालाबी झाल्ती सवय. मोडायला मला लई वर्सं लागले. उठा."

कल्याणनं त्यांच्याकडं निरखून पाहिलं. "तुमचे वडील म्हंजी भिवा ना? आमच्या मामाच्या शेतात कामाला असायचे. चा प्यायला त्यांचा कप यगळा व्हता, वळचणीला ठेवलेला. प्यायले की सोताच धुवायचे अन् पालथा घालून ठेवायचे. मी ल्हान व्हतो, समोर बसून बघायचो." त्यानं घास ताटात ठेवला. "कुणी म्हणायच्या आधीच धुवायचे. मला वाटायचं, त्यांला तसंच आवडतं."

गुरुजी मांडवात गेले, त्याच्यासाठी वाढलेलं ताट घेऊन आले आणि ते मधे ठेवून त्याच्या शेजारी मातीत बसले. कल्याण थोडा सरकला. त्यांना जागा करून द्यायला, की त्यांच्यापासून लांब व्हायला, ते मला अजून कळलेलं नाही.